शब्दाची पहिली अक्षरे



दुसऱ्या भाषेतील शब्द पाठ करण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढायची. एका बाजूला शब्द लिहायचा, दुसऱ्या बाजूला अर्थ लिहायचा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घोकत बसायचे. इंग्रजी आपण अशीच शिकतो आणि मराठीही अशीच शिकतो. परीक्षा संपते आणि पाठ केलेले शब्दही विसरले जातात. या रीतीत मेहनत खूप आहे, पण फायदा थोडा आहे, असे माझे मत आहे. शब्द एकेकटा पाठ करू नये. त्याची पहिली अक्षरे नीट पाहावीत आणि त्याच अक्षरांनी सुरू होणारे त्याचे भाऊबंद शोधावेत.

आधी इंग्रजीचे उदाहरण घेऊ. ‘हॅपी’ म्हणजे आनंदी, ‘अनहॅपी’ म्हणजे दुःखी. ‘नोन’ म्हणजे माहीत असलेला, ‘अननोन’ म्हणजे अनोळखी. ‘पॉसिबल’ म्हणजे शक्य, ‘इम्पॉसिबल’ म्हणजे अशक्य. ‘ऑनेस्ट’ म्हणजे प्रामाणिक, ‘डिसऑनेस्ट’ म्हणजे अप्रामाणिक. ‘अन’, ‘इम’ आणि ‘डिस’ ही तीन सुरुवातीची अक्षरे ज्याला समजली, त्याला पुढे कितीतरी शब्दांचा अर्थ शब्दकोश न उघडता लागतो. मूळ शब्द एक शिकावा लागतो, त्याच्या उलट अर्थाचा शब्द आपोआप हाती येतो.

पण येथे एक फसगतही आहे. ‘अंकल’ हा शब्दही त्याच दोन अक्षरांनी सुरू होतो. ‘कल नसलेला’ असा त्याचा अर्थ होत नाही. ‘इम्पॉर्टंट’ म्हणजे महत्त्वाचा. त्यात ‘इम’ आहे, पण नकार नाही. मग खरे कोणते आणि खोटे कोणते हे कसे ओळखावे? त्यासाठी दोन प्रश्न विचारावेत. पहिली अक्षरे काढली तर मागे पूर्ण शब्द उरतो का? आणि उरलेल्या शब्दाचा पहिल्या शब्दाच्या अर्थाशी संबंध लागतो का? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर ती अक्षरे बहुधा उपसर्ग असतात. उर्दू कवाइदमध्ये यालाच तुम्ही ‘साबिका’ म्हणता.

आता मराठीकडे येऊ. तुमच्यापैकी अनेकांना मराठी अवघड वाटते. पण इंग्रजीचे उपसर्ग जसे तुम्हाला नव्याने शिकावे लागतात, तसे मराठीचे सगळे उपसर्ग शिकावे लागत नाहीत. त्यांपैकी बरेच तुमच्या घरातच आहेत. ‘बे’ घ्या. बेफिकीर, बेइमान, बेरोजगार, बेघर हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. पुढे मराठीने हाच ‘बे’ आपल्या शब्दांना जोडला आणि बेसावध, बेभान, बेचव असे शब्द तयार केले. ‘सावध’, ‘भान’ आणि ‘चव’ हे तीन शब्द शिकलात की सहा शब्द तुमचे झाले.

‘गैर’ तर त्याहून मजेदार आहे. ‘गैरहजर’ तुम्हाला लगेच समजतो. पण ‘गैरसमज’, ‘गैरसोय’ आणि ‘गैरवापर’ हे शब्द मराठीने स्वतः घडवले आहेत. उर्दूत आपण ‘गलतफहमी’ म्हणतो, मराठी माणूस ‘गैरसमज’ म्हणतो. उपसर्ग तुमच्या ओळखीचा आणि पुढचा शब्द मराठीचा. ‘नापास’ या शब्दात तर फारसीचा ‘ना’ आणि इंग्रजीचा ‘पास’ एकत्र आले आहेत. ‘सरसेनापती’ या शब्दात ‘सर’ फारसी आहे आणि ‘सेनापती’ संस्कृत आहे. आपल्या पांढरकवड्याच्या नावात सुरुवातीला ‘पांढर’ ही अक्षरे आहेत. त्याच अक्षरांनी सुरू होणारा मराठीतला एक शब्द म्हणजे ‘पांढरपेशा’. त्यातला ‘पेशा’ तुम्हाला सांगायला नको.

मराठीतही फसगत आहेच. ‘बेडूक’ आणि ‘बेसन’ या शब्दांत ‘बे’ आहे, पण ‘नसणे’ नाही. ‘बेचाळीस’ मधला ‘बे’ म्हणजे दोन. तुम्ही ‘बे एके बे’ म्हणता तोच हा ‘बे’. उलट ‘बेदाणा’ पाहा. खीर किंवा शिरखुर्म्यात टाकण्याची ही वस्तू आपण नेहमी खातो, पण नावाकडे लक्ष देत नाही. बे आणि दाणा, म्हणजे ज्यात बी नाही असे द्राक्ष. इंग्रजीतही असा एक लपलेला शब्द आहे. ‘डिझीज’ म्हणजे आजार. ‘डिस’ म्हणजे नसणे आणि ‘ईझ’ म्हणजे आराम. आराम नाही तो आजार.

आपला भाग कापसाचा आहे, म्हणून एक उदाहरण कापसातले देतो. कापसातून रुई वेगळी केली की मागे बी राहते. मराठीत तिला ‘सरकी’ म्हणतात. ‘सर’ म्हणजे डोके किंवा मुख्य, म्हणून ‘सरपंच’ आणि ‘सरचिटणीस’. पण ‘सरकी’ मध्ये डोक्याचा काही संबंध नाही. त्याच बीला उर्दूत ‘बिनौला’ म्हणतात. त्यात ‘बिन’ आहे, पण तो ‘बिनशर्त’ किंवा ‘बिनचूक’ मधला ‘बिन’ नव्हे. वस्तू एक, नावे दोन आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे फसवी. म्हणून अक्षरे पाहावीत आणि अर्थही तपासावा.

काही ठिकाणी उर्दूची सवयच आपल्याला चुकवते. उर्दूत ‘दर’ म्हणजे ‘मध्ये’, जसे ‘दरअसल’, किंवा दार. मराठीत ‘दररोज’, ‘दरमहा’, ‘दरवर्षी’ या शब्दांत ‘दर’ म्हणजे ‘प्रत्येक’. ‘कापसाचा दर’ म्हणतात तेव्हा दर म्हणजे भाव. ‘लाइलाज’ हा उर्दू शब्द ज्या रोगावर उपाय नाही त्यासाठी आहे. मराठीत ‘माझा नाइलाज झाला’ असे म्हणणारा मनुष्य आजारी नसतो. ‘मी मजबूर होतो’ एवढेच तो सांगतो. अशा शब्दांसाठी वहीत वेगळे पान ठेवणे चांगले.

हे शब्द मराठीत आले कसे? शेकडो वर्षे दख्खनच्या राज्यकारभारात फारसी चालत होती. आपला वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्यापूर्वी तो निजामाच्या राज्यात होता. कचेरी, तहसील, वकील, फिर्याद, खरीप, रब्बी हे शब्द दप्तरातून शेतापर्यंत आणि शेतातून घरापर्यंत पोहोचले. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत शब्द द्यावेत हा त्याचा हेतू होता. राज्य आपले, तर कारभाराची भाषाही आपली असावी, हा विचार त्यामागे होता आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही लोकांनी जे शब्द आपले मानले ते राहिलेच. पुढे १९२५ मध्ये कवी माधव जूलियन यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. उर्दूचे मोठे विद्वान मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या परिणामावर उर्दूत पुस्तक लिहिले. मराठीच्या बाजूने एक मनुष्य आणि उर्दूच्या बाजूने एक मनुष्य, दोघेही त्याच शब्दांचा अभ्यास करीत होते.

काही लोक म्हणतात, उर्दूचा आधार घेऊन मराठी शिकलात तर तुमची मराठी अशुद्ध होईल. मला हे पटत नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये निघाला. त्यात फारसी आणि अरबीतून आलेल्या शब्दांपुढे तशी खूण आहे, पण ते मराठी शब्द म्हणूनच दिले आहेत. जो शब्द मराठी माणूस रोज बोलतो तो मराठीच आहे.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केवळ ओळखीच्या शब्दांवर भागणार नाही. वर्तमानपत्र, सरकारी पत्र आणि परीक्षेची पुस्तके यांत संस्कृत वळणाचे शब्द अधिक असतात. गावात ‘गैरहजर’ म्हणतात, पत्रात ‘अनुपस्थित’ लिहितात. ‘बेकायदा’ रेती वाहून नेली तर बातमीत ‘अवैध’ छापून येते. अर्ज ‘नामंजूर’ होतो तसा ‘अमान्य’ही होतो. ज्याला जोडीतला एकच शब्द येतो तो तहसील कार्यालयातले पत्र हातात घेऊन दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. नोकरीची जाहिरात, दवाखान्यातील सूचना, शेताचा सातबारा, या सगळ्या ठिकाणी दोन्ही प्रकारचे शब्द लागतात. म्हणून ‘बे’, ‘ना’, ‘गैर’ यांच्या शेजारी ‘अ’ आणि ‘अन’ यांचेही पान वहीत असले पाहिजे.

हे पान अवघड नाही. पुढे व्यंजन असेल तर बहुधा ‘अ’ लागतो: अशक्य, अयोग्य, अपूर्ण. पुढे स्वर असेल तर ‘अन्’ लागतो: अनावश्यक, अनादर, अनुचित. आणि आता एक आश्चर्याची गोष्ट. मराठीतील हा ‘अन’ आणि इंग्रजी ‘अनहॅपी’ मधला ‘अन’ हे दूरचे नातेवाईक आहेत. येथे अक्षरांचे साम्य योगायोगाचे नाही. फार प्राचीन काळी एकच भाषा होती, तिच्यातून संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी या भाषांच्या शाखा फुटल्या. १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एका व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले आणि जुन्या फारसीचेही नाव त्याच कुटुंबात घेतले. तुमच्या दप्तरात उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशी तीन पुस्तके असतात. त्यांतले पुष्कळसे शब्द एकाच खानदानातले आहेत.

२०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कायदा करून राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. कायद्यामुळे भाषा वर्गात येते. ती तोंडात यायची असेल तर तिच्याशी ओळख व्हावी लागते. आपल्याकडे पुष्कळ मुले-मुली मराठी समजत असूनही चार लोकांत बोलत नाहीत. चूक झाली तर लोक हसतील, असे त्यांना वाटते. ‘मराठी आपली नाही, परीक्षेपुरती आहे’ असेही काही घरांत ऐकू येते. ज्या भाषेत आपले इतके शब्द आधीपासून राहत आहेत, ती परकी कशी म्हणावी? आणि ज्या राज्यात आपण जन्मलो, तेथे आपला हक्क दुसऱ्याने मांडावा हे बरे नव्हे.

म्हणून मधोमध रेघ मारलेली वही बाजूला ठेवा. नव्या वहीत एका पानावर ‘बे’ लिहा, दुसऱ्यावर ‘गैर’, तिसऱ्यावर ‘ना’, चौथ्यावर ‘बिन’, पाचव्यावर ‘अ’ आणि ‘अन’. इंग्रजीसाठीही अशीच पाने करा. एक पान फसव्या शब्दांचे ठेवा. बसस्थानकावरची पाटी, दुकानाचा फलक, वर्तमानपत्राचा मथळा, जिथे असा शब्द दिसेल तिथून तो उचला आणि त्याच्या पानावर लिहा. रोज दोन शब्द मिळाले तरी वर्षाला सातशेच्या वर होतात. मग त्यातला एक शब्द रोज कोणाशी तरी मराठीत बोलून पाहा.