चावी कुणाच्या हाती?
दहावीचा निकाल लागला की स्कूटरची चावी पोरांच्या हाती जाते. क्लास लांब आहे, बस वेळेवर येत नाही, ही कारणं ठरलेली. कायदा सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवू देतो. शोरूममध्ये उभ्या असतात ११० आणि १२५ सीसीच्या. (पेट्रोलवरची लुना कधीच बंद झाली.) २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकांना २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. तरी सोसायटीच्या आवारात बाबाच कौतुकानं मागे बसतात! अठरा पूर्ण होऊ द्या, शिकाऊ परवाना काढा, मग शिकवा. तोवर सायकल आहे, एसटीचा सवलतीचा पास आहे. गावाकडच्या मुलींना तर तो बारावीपर्यंत फुकट मिळतो.