स्वस्त घ्या, पण मुके घेऊ नका

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या रोह्याच्या आळीआळीतून विटा नाहीशा होऊ लागतात. कोणाच्या कुंपणाजवळच्या, कोणाच्या न्हाणीमागच्या. पोरे त्या पळवितात, त्यांवर भिजवलेले फाटके गोणपाट पसरतात, लाल मातीचा चिखल थापतात, हळीव पेरतात आणि चार दिवसांत किल्ला उभा राहतो. या किल्ल्यासाठी कोणी दुकानातून नवी वीट आणल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु किल्ला कितीही टाकाऊ सामानाचा असो, बुरुजावरच्या तोफेमागे जी लवंगी लावतात ती मात्र वाजणारी लागते. सादळलेली लवंगी पोरे खपवून घेत नाहीत. सामान जुने चालेल, आवाज हवाच, असा मुलांचा कायदा आहे.

हा साधा कायदा आम्हां मोठ्या माणसांना का उमगत नाही, याबद्दल मला आज चार शब्द भांडायचे आहेत. भांडण आहे संगणकावरच्या जुन्या खेळांविषयी. फराळाच्या ताटाशी हे संगणकाचे लोढणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण या सुटीत घरोघर हाच तंटा चाललेला असतो. मुलगा संगणक मागतो, बाप किंमत विचारतो आणि आई दोघांची समजूत घालते. तेव्हा हा विषय दिवाळीचाच आहे.

माझे माहेर पेणचे, सासर रोह्याचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. लहान मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. यंत्रविद्येत मला अधिकार नाही. जे सांगणार आहे ते ठेचा खाऊन शिकलेले आहे.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेतल्या पालकांनी वर्गणी जमवून मुलांसाठी खेळाची खोली करायचे ठरविले. पैसे थोडे होते. त्यांत एक नवा संगणक आला असता आणि तो शोभेसाठी कपाटात बसला असता. मी सुचविले की ‘थिन क्लायंट’ घ्यावेत. नाव ऐकून सभेत हशा पिकला. शब्दशः अर्थ घेतला तर ‘सडपातळ गिऱ्हाईक’! वस्तू मात्र साधी आहे. बँका, विमा कंपन्या, मोठमोठ्या कचेऱ्या यांत खरे काम दूरच्या मुख्य संगणकावर चालते. कारकुनाच्या मेजावर पुस्तकाएवढी एक पेटी असते, ती फक्त पडदा दाखविते आणि कळफलकावरचे टंकलेले पुढे पाठविते. चार-सहा वर्षांनी कचेरी या पेट्या एकगठ्ठा काढून टाकते आणि मग त्या जुन्या बाजारात दोन-चार हजारांना मिळतात. पेटी काढली जाते ती मेली म्हणून नव्हे, तर कचेरीचे मन भरले म्हणून. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत देखभाल बंद झाली, तेव्हा असे कितीतरी चालते संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली की ही म्हातारी मंडळी पुन्हा कामाला लागतात.

सूचना मान्य झाली. आठ पेट्या आल्या. पण आणणाऱ्यांनी सर्वांत स्वस्त त्या आणल्या, आणि त्यांतून आवाज येईना. मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, “बाई, चित्र दिसते आहे ना? आवाज काय करायचा? उगाच गलका होईल.” पहिल्या आठवड्यात मुले उड्या मारीत आली. दुसऱ्या आठवड्यात निम्मी आली. धाटावच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका बापाचा मुलगा पडद्याकडे बराच वेळ बघत बसला आणि मला म्हणाला, “बाई, याला बरं नाही का? हा बोलतच नाही.” महिन्याने खोलीला कुलूप लागले आणि समितीने निकाल दिला की जुनी यंत्रे घेणे हाच मूर्खपणा होता.

माझा वाद या निकालाशी आहे. जुनेपणाचा यात काडीचा दोष नव्हता. दोष मुकेपणाचा होता, आणि तो आम्ही पैसे मोजून विकत घेतला होता.

पेणला माझे वडील गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीचे काम करीत. शाडूची मूर्ती घडते, वाळते, रंगते. पण डोळे आखले जाईपर्यंत कोणी तिला हात जोडीत नाही. वडील म्हणत, मातीचे पैसे कमी कर, रंगाचे कमी कर, आखणीचे करू नकोस. जुन्या खेळांत आवाज ही आखणी आहे. १९९५ च्या सुमारास पेणमध्येच एका संगणक वर्गाच्या खिडकीशी उभी राहून मी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पाहिला. फी भरण्याची ऐपत नव्हती. खिडकीतून पडद्याचा कोपरा तेवढा दिसे. पण राजपुत्राची पावले, तलवारींची खणखण आणि हळूहळू खाली येणाऱ्या दाराची कटकट मला सगळी ऐकू येई. दार मिटायच्या आत तो आत शिरला की नाही, हे मी कानांनी ओळखीत असे. हा खेळ जॉर्डन मेक्नर या तरुणाने १९८९ साली केला. राजपुत्राच्या हालचालींसाठी त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले, आणि संगीत रचले त्याच्या वडिलांनी. म्हणजे घरातल्या तिघांनी मिळून केलेला हा खेळ. त्यातला आवाज बंद करणे म्हणजे त्या घरातल्या वडिलांना गप्प बसविणे होय!

‘कचेरीच्या यंत्राला आवाज कशाला’ हा प्रश्न आमच्या समितीने प्रथम विचारला असेही नाही. आयबीएमचा पीसी १९८१ साली बाजारात आला तेव्हा त्यात चिवचिवणारा एक लहानसा स्पीकर तेवढा होता. हिशेबाच्या यंत्राला याहून जास्त कंठ कशाला, अशीच समजूत होती. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या ॲडलिब कंपनीने यामाहाची चिप बसवलेले संगीताचे कार्ड आणले. ही कंपनी काढणारे मार्तां प्रेव्हेल हे संगीताचे प्राध्यापक होते. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ आणले आणि खेळांना संगीताबरोबर माणसाचा आवाजही मिळाला. तिचे संस्थापक सिम वाँग हू यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, तंत्रनिकेतनाची पदविका होती. ते २०२३ च्या जानेवारीत वारले. फरक किती पडला हे ज्याला पाहायचे असेल त्याने ‘कमांडर कीन’ या पोरखेळाचा १९९० चा पहिला भाग आणि १९९१ चा चौथा भाग लागोपाठ खेळून पाहावा. पहिल्यात नुसती टुकटुक आहे, चौथ्यात गाणे आहे. हे दोन्ही भाग त्यांच्या कर्त्यांनी त्या वेळी मोकळेपणाने वाटण्यासाठी सोडले होते, त्यामुळे चोरीचा माल घरात आणल्याचे पापही लागत नाही.

आता विरोधकांकडे वळते.

माझे धाकटे दीर म्हणतात, “वहिनी, कशाला भंगाराच्या नादी लागता? हप्त्याने नवा घेऊ.” भाऊजी, १९९१ चा खेळ ज्या यंत्रासाठी केला होता त्याच्या कित्येक पट ताकद या भंगारात आहे. विहिरीतून तांब्याभर पाणी काढायला पंप कशाला बसवायचा? हप्ते मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतील.

दुसरे म्हणतात, हातात मोबाईल आहे, मग पेटी कशाला? मोबाईलवरचे बरेचसे खेळ संपूच नयेत अशा बेताने रचलेले असतात. मध्येच जाहिरात येते, मध्येच पैसे मागतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त साठ मिनिटांची मुदत आहे. साठ मिनिटांत राजकन्या सुटली नाही तर खेळ संपला, ऊठ आणि अभ्यासाला बस. मुलाला शेवट असलेला खेळ द्यावा, एवढे शिक्षिका म्हणून मला ठामपणे सांगता येते.

तिसरे गलक्याला भिणारे. त्यांना कानाला लावायचे हेडफोन दाखवावेत आणि पुढे जावे.

भांडण झाले, आता उपयोगाचे सांगते. नाहीतर माझे भांडण वांझोटे ठरेल.

पेटी घेताना आधी तिची जात विचारा. ‘झीरो क्लायंट’ नावाचा तिचा एक सख्खा भाऊ दिसायला हुबेहूब असतो, पण दूरचा मुख्य संगणक नसेल तर तो निव्वळ डबा. काहींत मोबाईलसारखा एआरएम प्रोसेसर असतो. त्याही नवख्याने टाळाव्यात. इंटेलचा किंवा एएमडीचा साधा प्रोसेसर आणि चार जीबी मेमरी असली की पुष्कळ झाले. एचपी टी ६२०, डेल वाइज ५०७० अशा पेट्यांची ध्वनीची व्यवस्था नेहमीच्या संगणकासारखीच असते आणि लिनक्स तिला सहज ओळखते. याउलट टॅबलेटसाठी काढलेल्या ॲटम प्रोसेसरच्या फार स्वस्त पेट्यांत ध्वनी आडवाटेने येतो आणि लिनक्सला ती वाट मुद्दाम शिकवावी लागते. आमच्या आठ पेट्या याच जातीच्या होत्या.

पेटीबरोबर तिचा स्वतःचा विजेचा अडॅप्टर मागून घ्या. दुसऱ्याचा पुष्कळदा बसत नाही, आणि दुकानदार नेमका तोच वेगळा विकतो. पुष्कळ पेट्यांना एचडीएमआयचे भोक नसून डिस्प्लेपोर्ट असतो. घरचा टीव्ही जोडायचा तर मधला कन्व्हर्टर लागेल. शेवटची आणि मुख्य गोष्ट अशी की घरून हेडफोन घेऊन जा. दुकानात पेटी सुरू करवा, गाणे लावायला सांगा आणि कानांनी ऐका. “आवाज येईल हो, घरी जाऊन ड्रायव्हर टाका,” असे दुकानदार म्हणाला तर पैसे कनवटीलाच राहू द्या.

जुने खेळ लिनक्सवर चालविण्यासाठी ‘डॉसबॉक्स’ हा कार्यक्रम २००२ पासून फुकट मिळतो. तो जुना संगणक आणि साउंड ब्लास्टर या दोहोंचे सोंग एकट्याने वठवितो. काही हौशी लोक थेट जुने डॉस घालतात. तेथे मात्र खेळ साउंड ब्लास्टरला त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर हाका मारीत राहतो आणि नव्या चिपला ती भाषाच येत नाही. त्यासाठी ‘एसबीएमू’सारखे दुभाषे आता निघाले आहेत, पण नवख्याने डॉसबॉक्सचीच वाट धरावी.

आणखी एक गुण आम्हां कोकणवाल्यांसाठी. बहुतेक पेट्यांत पंखा नसतो, फिरणारी तबकडीही नसते. आपल्या दमट हवेत तेवढीच बिघडण्याची कारणे कमी, आणि पंख्याची घरघर नसल्यामुळे खेळाचे संगीत स्वच्छ ऐकू येते. नुसत्या पेटीला वीज जुन्या चाळीस वॅटच्या गोळ्याहूनही कमी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर अंधारात काढलेले दिवस ज्यांनी मोजले आहेत, त्यांना इन्व्हर्टरवर चालणाऱ्या यंत्राची किंमत सांगायला नको.

आता त्या कुलूपबंद आठ पेट्यांचे काय? त्या अजून तशाच पडून आहेत. यूएसबीच्या भोकात खोचायचे बोटाएवढे एक ध्वनीकार्ड बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळते आणि लिनक्स ते न सांगता ओळखते. मी एक विकत घेतले, समितीची परवानगी काढून एका पेटीला लावले आणि कीनचा चौथा भाग सुरू केला. वऱ्हांड्यातून जाणारी पोरे दाराशी थबकली. ‘हा बोलतच नाही’ म्हणणारा तो मुलगा सर्वांच्या पुढे होता. त्याने काही विचारले नाही; माझ्या हातातले हेडफोन काढून घेतले आणि स्वतःच्या कानांना लावले.

उरलेल्या सात पेट्यांना जास्तीत जास्त चौदाशे रुपये लागतील. मी अर्ज दिला. तो ‘पुढील सभेत विचारार्थ’ ठेवला आहे. उद्घाटनाच्या दिवशी हार, नारळ आणि पेढे यांवर याहून अधिक खर्च झाला होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मला या चौदाशे रुपयांहून त्यांमागच्या समजुतीचा राग आहे. थोड्या पैशांत आलेल्या मुलाने चित्रावर समाधान मानावे, गाणे मागू नये, ही ती समजूत. वस्तू स्वस्त मिळाली म्हणून ती अर्धी मिळावी, असे कोठे लिहिले आहे? बाजारात वाल घेताना आपण भाव पाडतो, पण किडका दाणा घेत नाही. मुलांच्या खेळालाच किड चालेल असे का मानावे?

वाचकहो, या दिवाळीत घरात संगणक आणणार असाल तर जुना आणा, खुशाल स्वस्तातला आणा. पण आधी अंगणातल्या किल्ल्यापाशी जरा थांबा आणि पोरे लवंगी कशी निवडतात ते पाहा. ती आधी बोटांनी दाबून पाहतात. सादळलेली असली तर फेकून देतात.