किरकिऱ्या कार्टून्सची इंग्रजी शिकवणी

मित्र तासभर उशिरा आला? इरिटेटिंग. आत्याने पुन्हा लग्नाचं विचारलं? इरिटेटिंग. लोकलमध्ये शेजारचा हेडफोन न लावता रील्स बघतोय? तोही इरिटेटिंगच! आपल्या अख्ख्या पिढीची चिडचिड या एका इंग्रजी शब्दावर भागतेय.

आता हेच मराठीत बोलून बघा. आत्या भोचक असते. ग्रुपमधला एक जण लोचट असतो, एक खवचट. वर्गातला तो पहिल्या बाकावरचा आगाऊ असतो आणि शेजारचे काका तुसडे. किरकिरा, हेकट, चोंबडा, दीडशहाणा... वैताग देणाऱ्या माणसांचे किती प्रकार आपल्याला तोंडपाठ आहेत! पण इंग्रजीत शिरलो की हे सगळे नग एकाच रांगेत उभे राहतात आणि सगळ्यांच्या गळ्यात एकच पाटी.

यावर मला पटलेला उपाय जरा विचित्र वाटेल. यूट्यूबवर ‘सगळ्यात डोक्यात जाणारी दहा कार्टून कॅरॅक्टर्स’ छापाचे ढीगभर इंग्रजी व्हिडिओ आहेत. ते बघा. हसू नका, खरंच बघा. कारण दहा जणांची यादी करणाऱ्याला दहा वेळा ‘अनॉइंग’ म्हणून चालत नाही. प्रत्येक जण नेमका का डोक्यात जातो, हे त्याला वेगळ्या शब्दात सांगावंच लागतं.

या याद्यांमधलं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे कायू. १९९७ मध्ये सुरू झालेल्या कॅनडाच्या मालिकेतला हा चार वर्षांचा टकलू पोरगा. मनासारखं झालं नाही की याचं रडगाणं सुरू. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पीबीएसने ही मालिका दाखवणं थांबवलं, तेव्हा कितीतरी पालकांनी सोशल मीडियावर चक्क आनंद साजरा केला होता. कायूसाठी शब्द येतो ‘व्हायनी’. म्हणजे आपला किरकिरा. ‘रगरॅट्स’मधली तीन वर्षांची अँजेलिका लहानग्यांवर हुकूम सोडत असते, म्हणून ती ‘बॉसी’ आणि वर ‘स्पॉइल्ड ब्रॅट’, म्हणजे लाडावलेलं कार्टं. ‘स्पंजबॉब’मधला स्क्विडवर्ड कायम वैतागलेला, म्हणून ‘ग्रम्पी’. शिवाय स्वतःला थोर कलाकार समजून बाकीच्यांना तुच्छ लेखतो, म्हणून ‘स्नूटी’. तुसडा आणि शिष्ट यांत मराठीत जो फरक आहे, तोच इथे एका पात्राकडून फुकटात शिकायला मिळतो. १९७९ मध्ये स्कूबी-डूच्या गोष्टीत आणलेलं पिल्लू स्क्रॅपी-डू अंगाने एवढंसं, पण कुठल्याही भुताला भिडायला निघतं. ते ‘कॉकी’. आणि डेक्स्टरच्या लॅबमध्ये घुसून दिसेल ते बटण दाबणारी त्याची बहीण डी डी? ‘मेडलसम’. मराठीत लुडबुडी.

हे शब्द डोक्यात का बसतात, याचं कारण साधं आहे. खरी माणसं गुंतागुंतीची असतात. कार्टूनमधल्या पात्राला मात्र एखादीच खोड असते आणि ती प्रत्येक एपिसोडमध्ये दिसते. म्हणजे ते पात्र हाच त्या शब्दाचा चालताबोलता अर्थ. त्यात व्हिडिओवाला तोच मुद्दा तीन-चार क्लिप्स दाखवून पटवतो. डिक्शनरीत शब्द एकदा भेटतो, इथे तो चेहऱ्यासकट आणि आवाजासकट पुन्हा पुन्हा भेटतो.

‘कार्टून बघून कुठे भाषा येते का?’ असं विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे. आपल्यापैकी अनेक जण शाळेत हिंदीचा तास सुरू व्हायच्या आधीच धडाधड हिंदी बोलत होते, ते कुणी शिकवलं? डोरेमॉन आणि शिनचॅननेच ना! जपानची पात्रं, हिंदीत डब केलेली, बघणारी पोरं मराठी. व्याकरण कुणी समजावलं नाही, तरी आली भाषा. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन १९८० च्या दशकापासून हेच मांडत आलेत. बहुतांश समजेल आणि थोडंसं नवीन असेल अशी भाषा कानावर पडत राहिली, मनावर दडपण नसलं, की माणूस ती आपोआप उचलतो. स्क्रीनवर त्याच भाषेतल्या ओळी दिसल्या तर वाचनही सुधारतं, हा विचार आपल्याकडे आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून लावून धरला. टीव्हीवरच्या हिंदी गाण्यांखाली हिंदीतच ओळी दाखवायची कल्पना त्यातूनच पुढे आली. व्हिडिओला इंग्रजी कॅप्शन लावणं हा त्याचाच घरगुती प्रकार.

पण माझा खरा मुद्दा शब्दसंख्येचा नाहीये. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्या वयाच्या मराठी माध्यमातल्या मुलांनी बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकलंय. त्यात ‘माय बेस्ट फ्रेंड’वर निबंध लिहिले, रजेचे अर्ज लिहिले. ऑनेस्ट, ब्रेव्ह, काइंड, हेल्पफुल हे सगळं आलं. पण एखादी गोष्ट खटकली तर ती इंग्रजीत कशी सांगायची, याचा सराव किती वेळा झाला?

याचा फटका कॉलेजात बसतो. मास कॉमच्या वर्गात फिल्म दाखवतात आणि मग विचारतात, कशी वाटली? कॅन्टीनमध्ये त्याच फिल्मची मराठीत चिरफाड करणारी मुलं वर्गात ‘इट वॉज नाइस’ म्हणून खाली बसतात. चांगलं म्हणायला एक शब्द पुरतो. वाईट म्हणायचं तर कारण द्यावं लागतं आणि कारणाला नेमके शब्द लागतात. ग्रुप डिस्कशनमध्ये, इंटर्नशिपच्या मीटिंगमध्ये तेच. कुणी आपलं बोलणं मध्येच तोडतंय, कुणी आपलं काम स्वतःच्या नावावर खपवतंय, तर ‘ही इज इरिटेटिंग’ म्हणून कोण दखल घेणार? मग आपण गप्प बसतो. आणि गप्प बसणाऱ्याला मतच नाही, असा समज व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून मला वाटतं, तक्रार करता येणं ही भाषेतली खरी परीक्षा आहे. कायूवर यथेच्छ टीका ऐकताना आपण नकळत तेच शिकतो. आधी मत, मग उदाहरण, मग त्याला नेमका शब्द.

आता थोडं सांभाळूनही. ऑफिसच्या मेलमध्ये सीनिअरला ‘ब्रॅट’ लिहाल तर नोकरी जाईल. हे शब्द गप्पांचे कुठले आणि कामाचे कुठले, हे डिक्शनरीत तपासायलाच हवं. आपोआप येणारी कॅप्शन्स कधीकधी भलतंच छापतात, त्यामुळे स्पेलिंगही बघून घ्या. आणि ‘सिम्पसन्स’मधल्या नेड फ्लँडर्सवरून ‘फ्लँडरायझेशन’ असा एक शब्दच निघालाय. पात्राचा एकच गुण इतका ताणायचा की बाकीचा माणूस उरतच नाही. कार्टूनचं ठीक आहे, रूममेटचं असं करू नका!

करून बघायचं असेल तर पाच-सात मिनिटांचा एक व्हिडिओ निवडा. एकदा सलग बघा, मग स्पीड थोडा कमी करून कॅप्शनसकट. नवीन शब्दासमोर त्याचा मराठी जोडीदार लिहा. नोझी म्हणजे भोचक, क्लिंगी म्हणजे लोचट. शेवटी तुमच्या डोक्यात जाणाऱ्या एका पात्राबद्दल मोबाइलवर मिनिटभर इंग्रजीत बोला, कारणांसकट. ‘इरिटेटिंग’ हा शब्द मात्र त्या मिनिटापुरता बंद. वैतागाचा स्टॉक आपल्याकडे भरपूर आहे. कधीतरी तो वर्गातही इंग्रजीत बाहेर पडू दे.