डोंगराची मागची बाजू

२०११ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चिनी कलावंत शू बिंग यांनी उभारलेला डोंगर मी पाहिला. सुमारे पाच मीटर उंचीची दुधी काच, मागून उजेड, आणि तिच्यावर जुन्या चिनी शाईचित्रांत असतात तसे कडे, धुकं, झाडांची दाटी, पाण्याकाठची घरं. वांग शिमिन यांचं १६५४ सालचं एक निसर्गचित्र त्या म्युझियमच्या संग्रहात आहे, त्याचीच ही प्रतिकृती. पण या डोंगराची पाठ मुद्दाम उघडी ठेवलेली होती. मागे गेलं की काचेला टेकवलेल्या वाळक्या काटक्या, मक्याची सालपटं, तागाचे पुंजके, चुरगळलेला कागद दिसायचा. शाईचा थेंबही नव्हता. समोरचा सगळा डोंगर म्हणजे या पाल्यापाचोळ्याची सावली.

मी जलरंगात निसर्गचित्रं करते आणि शिकवते. आमच्या वर्तुळात अशा कामाला ‘करामत आहे, चित्र नव्हे’ म्हणून बाजूला सारतात, ते मला सोडून देता येत नाही. कुंचल्याची तपश्चर्या नाही तिथे परंपरा कसली, असा हा आक्षेप. मला तो साफ अमान्य आहे आणि त्याचं कारण त्या परंपरेतच सापडतं.

वांग शिमिन सतराव्या शतकातले. चौदाव्या शतकातल्या हुआंग कोंगवांग यांची चित्रं पुन्हा पुन्हा गिरवत ते मोठे झाले, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. सहाव्या शतकात श्ये ह यांनी चित्रकलेची सहा तत्त्वं सांगितली, त्यांतलं शेवटचं तत्त्व जुन्यांची नक्कल करून विद्या पुढे नेण्याचंच आहे. नक्कल करता करता प्रत्येक पिढीने आपल्या काळाचं काहीतरी त्यात मिसळलं. शू बिंग यांनी आपल्या काळात हाताशी जे उरलंय ते मिसळलं.

शिवाय ही चित्रं नुसती डोळ्यांच्या सुखासाठी कधीच नव्हती. हुआंग कोंगवांग साधे सरकारी नोकर होते, तुरुंगात जाऊन आले, पुढे ताओ पंथाकडे वळले. फुचुन डोंगरांची त्यांची गाजलेली गुंडाळी १३५० ची, म्हणजे अगदी उतारवयातली. चीनवर तेव्हा मंगोलांचं राज्य होतं. त्याच अमदानीत नी झान यांनी जमीनजुमला सोडला आणि ते नावेवर राहू लागले. त्यांच्या चित्रांत नदीकाठी एक रिकामं छप्पर असतं, माणूस नसतो. राज्यकर्त्यांकडे पाठ फिरवून काढलेले हे डोंगर आहेत. आपण मात्र त्यांना शांत, ध्यानमग्न वगैरे म्हणत दिवाणखान्यात लावतो.

१९८५ मध्ये ली शियाओशान या तरुण समीक्षकाने चिनी चित्रकला आता संपत आली असं लिहिलं आणि तिकडे मोठा वाद पेटला. ती संपली नाही, तिने साहित्य बदललं. बीजिंगमध्ये राडारोड्याच्या ढिगांवर धूळ उडू नये म्हणून हिरवी जाळी टाकतात, मुंबई-पुण्यातल्या बांधकामांवर असते तसलीच. याओ लू त्या ढिगांचे फोटो संगणकावर जुळवतात, मध्ये धुकं सोडतात, कोपऱ्यात लाल शिक्का उमटवतात, आणि सुंग राजवटीतलं हिरव्या-निळ्या डोंगरांचं चित्र पाहतोय असं वाटू लागतं. शांघायच्या यांग योंगल्यांग यांच्या चित्रांत लांबून कडे दिसतात आणि जवळ गेलं की टॉवर, क्रेन, विजेचे मनोरे. यांग यांच्याबाबत माझं मन जरा मागे राहतं. पहिलं चित्र हादरवतं, पण चार-पाच पाहिली की युक्ती कळलेली असते. याओ लू यांचे ढीग तसे संपत नाहीत. त्या जाळीखाली काय पाडलं गेलं असेल, हे डोक्यातून जात नाही.

सगळ्यांत मोठं काम मला यून-फेई जी यांचं वाटतं. त्यांचा जन्म १९६३ मध्ये बीजिंगचा, नंतर ते अमेरिकेत गेले. कुंचला, कागद, थोडी थोडी उलगडत पाहायची लांबच लांब गुंडाळी, यांतलं काहीच त्यांनी टाकलं नाही. यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाने सुमारे १३ लाख माणसं उठवली, आणि तीही ज्या घळींचे कडे चिनी कवी-चित्रकारांनी शतकानुशतकं गौरवले तिथूनच. जी त्या भागात हिंडले. २००९ मध्ये त्यांची या विस्थापनाची गुंडाळी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने काढली आणि बीजिंगच्या रोंगबाओझाई या जुन्या छापखान्याने ती लाकडी ठशांवर छापली. या पद्धतीत शाईची प्रत्येक फिकी-गडद छटा वेगळ्या ठशावर कोरावी लागते. इथे हाताने कोरलेले पाचशेहून अधिक ठसे लागले. ज्या कारागिरीने हा छापखाना थोर जुन्या चित्रांच्या प्रती काढत आला, ती सगळी इथे गाठोडी बांधून, सामान रचून बसलेल्या गावकऱ्यांसाठी खर्ची पडली. नी झान यांनी चित्रातून माणूस काढून टाकला होता. जी यांनी हाकललेली माणसं पुन्हा त्याच कड्यांखाली आणून बसवली.

आमच्याकडे निसर्गचित्रांच्या प्रात्यक्षिकांत वाईचा घाट आणि कोकणातली कौलारू घरं अजून भक्तिभावाने काढली जातात. विजेच्या तारा आणि मोबाइलचा टॉवर गाळायचा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. कोयनेच्या जलाशयाची चित्रं खूप होतात, त्या पाण्यासाठी उठलेल्या गावांची क्वचितच पाहायला मिळतात. कला महाविद्यालयांत चिनी निसर्गचित्र शिकवताना सुंग काळाच्या दोन-चार चित्रांवर थांबू नये. जी यांची गुंडाळी वर्गात सावकाश, हातभर-हातभर उलगडून दाखवावी. आणि दुसऱ्या दिवशी मुलांना बाहेर नेऊन समोर दिसेल ते सगळं काढायला सांगावं, टॉवरसकट.