‘डिजिटल’ कारभार आणि श्रीपेरुंबुदूरचा एक अर्ज

घरबसल्या दाखला, एक कळ दाबताच परवाना, ना दलाल ना हेलपाटा. १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिटल इंडिया’चा मोठ्या थाटात शुभारंभ झाला तेव्हापासून हा डांगोरा देशभर पिटला जात आहे. राज्यकारभार नागरिकाच्या दारात येणार, असे सांगण्यात आले. तो कोणाच्या दारात किती वेगाने येतो हे पाहावयाचे असेल तर तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावरचा हा औद्योगिक पट्टा. ज्या यंत्रांच्या नावाने नव्या युगाचा जयघोष चालतो, ती यंत्रे येथील तरुण कामगारांच्या हातून जोडली जातात. नोकियाने २००६ मध्ये येथे मोबाइलचा कारखाना काढला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील उत्पादन थांबवले. हजारो कामगारांच्या हातचे काम गेले. आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या मुलींना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली, तेव्हा, डिसेंबर २०२१ मध्ये, आपले गाऱ्हाणे सरकारच्या कानी घालण्यासाठी त्यांना हा महामार्गच अडवावा लागला.

याच पट्ट्यात सॅमसंगचा कारखाना आहे. शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच, धुलाईयंत्रे तेथे तयार होतात. २०२४ च्या जूनमध्ये तेथील कामगारांनी आपली संघटना स्थापन केली, ती ‘सिटू’शी जोडली आणि १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखाली नोंदणीचा अर्ज केला. मागणी साधी होती. संघटना स्थापण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला. निबंधकाने कागदपत्रे तपासून प्रमाणपत्र द्यावयाचे, इतकेच. परंतु कंपनीने संघटनेच्या नावातील ‘सॅमसंग’ या शब्दाला हरकत घेतली, आणि अर्ज अडकून राहिला. जणू ज्या कारखान्यात माणूस राबतो त्याचे नाव उच्चारण्याचा अधिकारही मालकाकडून विकत घ्यावयास हवा!

९ सप्टेंबर २०२४ रोजी सुमारे १,८०० पैकी हजाराहून अधिक कामगार संपावर गेले. ३७ दिवस ते टिकून राहिले. मोर्चा काढला म्हणून शंभरावर कामगारांना ताब्यात घेण्यात आले. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी धरण्याचा मांडव उखडला. मंत्री वाटाघाटीला बसले, संप मिटला, पण नोंदणी नाहीच. शेवटी मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये निबंधकाला सहा आठवड्यांत निर्णय घेण्याचा आदेश दिला, आणि २७ जानेवारी २०२५ रोजी प्रमाणपत्र हाती पडले. एका प्रमाणपत्रासाठी सात महिने, एक संप आणि एक न्यायालयीन लढा! त्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारीत, पदाधिकाऱ्यांच्या निलंबनाविरुद्ध कामगारांना पुन्हा कारखान्यात ठिय्या मांडावा लागला, ही गोष्ट निराळी.

हे सारे एखाद्या मागासलेल्या, कागदी दप्तरांत रुतलेल्या राज्यात घडलेले नाही. तामिळनाडूत गावोगाव ‘ई-सेवै’ केंद्रे आहेत. गुंतवणूकदारांना ठरावीक मुदतीत परवाने मिळावेत म्हणून तेथे २०१८ चा खास कायदा आहे. तेव्हा सत्तेवर असलेले द्रमुक सरकार सामाजिक न्यायाची भाषा बोलणारे होते आणि डाव्या पक्षांशी त्याची निवडणूक आघाडी होती. तरीही बहुराष्ट्रीय भांडवलाचा प्रश्न येताच कळ दाबणारे बोट थबकले. दोष यंत्राचा नव्हता.

कायद्याच्या पोटात शिरले म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मोठ्या कारखान्याच्या मालकाने कामगार कपातीची वा कारखाना बंद करण्याची परवानगी मागितली आणि सरकारने ६० दिवसांत उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाई. सरकारचे मौन ही मालकाला संमती! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही तरतूद कायम ठेवली. वर परवानगीची अटच १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यापासून लागू केली. कामगारांच्या नोंदणी अर्जाला मात्र १९२६ च्या कायद्यात मुदतच नव्हती. तेथे सरकारचे मौन म्हणजे नकार.

संगणकाचा उपयोग आणखी एका कामी झाला. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी ‘श्रम सुविधा’ पोर्टल सुरू केले आणि कोणत्या कारखान्याची तपासणी करावयाची हे ठरवण्याचा केंद्राच्या कामगार निरीक्षकाचा अधिकार संगणकाच्या सोडतीकडे गेला. त्याचे नाव ‘श्रमेव जयते’. नव्या संहितांत तर निरीक्षक हा ‘सुविधाकार’ बनला आहे. सुविधा कोणाची, हे विचारावयास नको.

उलट गरिबाच्या बाबतीत हाच संगणक अत्यंत कर्तव्यकठोर होतो. देशातील पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. सात वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी दगावली. आधारशी न जोडल्याने तिच्या कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झालेले होते. मृत्यू आजाराने झाला, असा खुलासा सरकारने केला. रद्द कार्डाचे काय, याचा खुलासा आजारात सापडत नाही. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारी मोबाइल परत केले, ते काही यंत्राच्या भीतीने नव्हे. फोन निकृष्ट होते, आणि पोषण ट्रॅकरमध्ये मराठी नव्हती. पुढे १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थी मातेचा चेहरा यंत्राने ओळखण्याची सक्ती आली. मालकाला स्वयंघोषणा पुरते; मातेला चेहरा सिद्ध करावा लागतो.

आम्हाला संगणकाचे वैरी ठरवण्याची जुनी खोड भांडवली वृत्तपत्रांना आहे. ५ जून २०२३ रोजी केरळच्या डाव्या आघाडी सरकारने सरकारी मालकीचे ‘के-फोन’ जाळे सुरू केले आणि गरीब कुटुंबांना विनामूल्य इंटरनेट देण्याचे ठरवले, हे त्यांनी आठवावे. तलाठ्याच्या दारातील हेलपाटे आणि चिरीमिरी वाचत असेल तर श्रमिक जनतेला ते हवेच आहे. प्रश्न यंत्राचा नसून ते कोणाच्या हाती आहे याचा आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. संघटनेच्या नोंदणीचा अर्ज ६० दिवसांत निकाली न निघाल्यास नोंदणी झाली असे मानावे. मालकांना मिळते ती सवलत कामगारांना नाकारण्याचे कारण नाही. अंगठा जुळला नाही, चेहरा ओळखला गेला नाही म्हणून धान्य, आहार वा पेन्शन थांबता कामा नये. कागदावर सही घेऊन ते त्याच दिवशी मिळाले पाहिजे आणि नकार देणाऱ्याने कारण लेखी दिले पाहिजे. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित सेवांना मुदत आहे आणि अपिलाची सोयही आहे. शाखांनी आपल्या वस्तीतील अडलेले अर्ज गोळा करावेत, प्रत्येकावर दाखल झाल्याची तारीख घालावी, आणि मुदत टळलेल्या अर्जांची पहिली यादी घेऊन तहसील कचेरीवर जावे.