चौघांची चाल, एकटीचे हात

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी आहे. यंदा दहावीला. आई शिवणकाम करते, वडील रात्रपाळीला असतात. घरात आत्याने दिलेला ६१ पट्ट्यांचा जुना कीबोर्ड आहे आणि आठवड्यातून एकदा ती पियानोच्या शिकवणीला जाते. मध्यंतरी तिने मोबाईलवर चायकोव्स्की या रशियन संगीतकाराची एक संथ चाल ऐकली आणि हेच वाजवायचे म्हणून बसली. शिकवणीतल्या बाई म्हणाल्या, "ते चौघांचं आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. तुझ्या एकटीचं नाही."

मुलगी हिरमुसली आणि माझ्याकडे आली. "काका, तुम्ही ऑफिसात कागद शोधता ना? मग हा शोधून द्या."

आता आम्ही पडलो कारकून. हरवलेला कागद शोधणे हाच आमचा धंदा. पण हा कागद कोणत्या कपाटात असतो हेच मला ठाऊक नव्हते. गेले दोन महिने जे समजले ते वाचकांसाठी लिहीत आहे, कारण कीबोर्ड आता आपल्याही पुष्कळ घरांत आला आहे.

युरोपात चार-पाच वादकांनी खोलीत बसून वाजवायच्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. पूर्वी ते सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यात चाले आणि रचणारा बहुधा त्यांचा नोकर असे. हायडन हा त्यातला मोठा माणूस. बाप गाड्यांची चाके करणारा, आई स्वयंपाकीण. १७६१ पासून तो एस्टरहाझी घराण्याच्या नोकरीत होता आणि नोकराचा गणवेश घालूनच उभा राही. पण त्याचीच गंमत पाहा. स्पेनमधील काडिझ गावासाठी त्याने ख्रिस्ताच्या शेवटच्या सात वचनांवर वाद्यवृंदाची रचना केली. तीच त्याने १७८७ साली चार तंतुवाद्यांसाठी मांडली, आणि त्याच वर्षी ती एका पियानोसाठीही छापून निघाली. पियानोची मांडणी दुसऱ्याने केली होती, पण हायडनने ती तपासून पसंत केली. म्हणजे चौघांचे संगीत एकट्याने वाजवणे ही चोरी नाही की तडजोडही नाही. खुद्द रचणाऱ्याची त्याला संमती होती.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षे हेच चालले. रेकॉर्ड नव्हती, रेडिओ नव्हता. गावात चार वादक जमणार कुठून? म्हणून प्रकाशक अशा मांडण्या छापत आणि लोक घरी पियानोवर वाजवून ते संगीत ओळखत. ब्राम्सने १८६० साली आपल्या सहा तंतुवाद्यांच्या रचनेतला एक भाग पियानोसाठी लिहून क्लारा शूमानला वाढदिवसाची भेट दिली. बेथोव्हेनच्या सात वाद्यांच्या रचनेची मांडणी लिस्टने केली, पण ती वाजवायला लिस्टसारखीच बोटे हवीत. मला स्वतःला आवडला तो मुसोर्गस्की. हा रशियन संगीतकार पोटासाठी सरकारी खात्यात कारकुनी करी आणि बेथोव्हेनच्या क्वार्टेटमधील काही भाग त्याने पियानोसाठी उतरवले. आमच्या जातकुळीतला माणूस!

आता मुलीच्या चालीकडे येतो. चायकोव्स्कीचे हे पहिले क्वार्टेट १८७१ चे. त्याला स्वतःच्या रचनांचा जलसा करायचा होता, पण वाद्यवृंदाचा खर्च परवडणारा नव्हता म्हणून चार वाद्यांवर भागवले. त्यातल्या दुसऱ्या भागाची सुरावट त्याने बहिणीच्या गावी, कामेंका येथे, काम करणाऱ्या एका कारागिराच्या तोंडून ऐकली होती. १८७६ साली मॉस्कोत हाच भाग ऐकताना शेजारी बसलेल्या टॉलस्टॉयच्या डोळ्यांतून पाणी आले, असे चायकोव्स्कीने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

हे सांगितल्यावर मुलीची आई शिलाई थांबवून म्हणाली, "मग भाऊ, ते आपल्याकडंच यायला पाहिजे."

शोधायचे कसे? माझी पहिली चूक ही की मी पियानोच्या यादीत शोधत बसलो. तिथे ते नसते. आधी संगीतकार, मग त्याचे मूळ क्वार्टेट, आणि त्याच्या पोटात 'अरेंजमेंट्स' हा विभाग. इंटरनेटवर आय.एम.एस.एल.पी. नावाचे नोटेशनचे ग्रंथालय २००६ पासून आहे. ज्यांच्या हक्कांची मुदत संपली अशी जुनी पुस्तके तिथे फुकट मिळतात. आपल्या कायद्यात ही मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची आहे. चायकोव्स्की १८९३ साली गेला, पण मांडणी करणाऱ्याचाही हक्क वेगळा असतो. मांडणी हयात माणसाची असेल तर ती विकतच घ्यावी. त्याचेही पोट आहे.

दुसरी चूक पैशाची. मी घाईघाईने चौदा पाने छापून आणली. मुलगी वाजवायला बसली तर डाव्या पानावर एक आणि उजव्या पानावर भलतेच. ती चार हातांची प्रत होती! दोघांनी एकाच पियानोवर शेजारी बसायचे, डावे पान एकाचे, उजवे दुसऱ्याचे. जुन्या मांडण्यांत अशाच फार आहेत. जर्मन वा फ्रेंच मुखपृष्ठ वाचता आले नाही तरी २ की ४ हा आकडा बहुधा छापलेला असतो. तो पाहिल्याशिवाय झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नये.

मग दोन हातांची प्रत मिळाली. तीसुद्धा घेण्याआधी बाईंना दाखवली. कोणी चारी वाद्यांचे सूर जसेच्या तसे दोन ओळींत कोंबतो, मग बोटे पुरत नाहीत. कोणी दोन सूर गाळतो आणि चाल सुटी ठेवतो. नवशिक्याला दुसरी बरी. व्हायोलिनचा सूर ओढावा तितका लांबतो आणि फुगतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की सूर विझूच लागतो. म्हणून संथ चालीत पायाखालचे पेडल लागते. कीबोर्डला ते वेगळे घ्यावे लागते, आणि इथे काटकसर करू नये.

एक आनंदाची गोष्ट. चेलोचा सर्वांत खालचा सूर आणि नेहमीच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची सर्वांत डावी पट्टी, हा एकच सूर आहे. म्हणजे चेलो आपल्या कीबोर्डच्या खाली जात नाही. मांडणाऱ्याने भर घालायला आणखी खालचा सूर लिहिला असेल तर तो एक सप्तक वर घ्यावा, असे बाईंनी सांगितले. बाई आता स्वतः उत्साहात आहेत.

मधल्या भागात चेलोवादक गज बाजूला ठेवून बोटाने तार छेडतो आणि वर व्हायोलिन गाते. मुलगी सध्या तेवढा डावा हातच वाजवते आहे, रोज संध्याकाळी, आवाज कमी करून, कारण वडील झोपलेले असतात. चाल कधी दोन मात्रांची, कधी तीन मात्रांची होते, तिथे अजून अडखळते. ती चौदा पाने मी टाकलेली नाहीत. धाकट्या भावाने उजवे पान मागून नेले आहे.