बाजार करायचा असतो

मंडळी, युरोप करून आलेल्या नातेवाइकांचे फोटो मी हौसेने बघते. पण हल्ली त्यात एक फोटो हटकून असतो. बर्फावर मांडलेले मासे, मागे दगडी कमानी, आणि पुढ्यात आपला माणूस अंगठा वर करून उभा. खाली ओळ : "रियाल्तो मार्केट, व्हेनिस. कव्हर्ड!"

हा 'कव्हर्ड' शब्द वाचला की माझ्यातली मास्तरीण खडबडून जागी होते. पोर्शन कव्हर करायचा असतो, तोही परीक्षा डोक्यावर आली की. बाजार कव्हर करायचा नसतो. खरं म्हणजे बाजार बघायचाही नसतो. आपण "देऊळ बघितलं" म्हणतो, "किल्ला बघितला" म्हणतो, पण "आज बाजार केला" असं म्हणतो. हे क्रियापद आपल्या आज्यांनी उगीच नाही निवडलं. आज मला ह्याच विषयावर जरा भांडायचं आहे. कुणाला लागलं तर लागू दे, घरातलेच आहात.

आधी जागा कोणती ते सांगते. व्हेनिसचा मोठा कालवा जिथे वळतो तिथे रियाल्तोचा पूल आहे, दगडी, १५९१ साली पुरा झालेला. शायलॉकच्या नाटकात ज्याचं नाव येतं तेच हे रियाल्तो. पुलाच्या पश्चिमेला अकराव्या शतकाच्या अखेरीपासून बाजार भरतो आहे. १५१४ च्या आगीत जवळजवळ सगळं जळलं, पुन्हा बांधलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून असावं तसं सुरू झालं. आपल्या मलबारची मिरी अलेक्झांड्रियाच्या वाटेने इथे यायची आणि इथून अख्ख्या युरोपच्या रश्श्यात पडायची. सरकारी देखरेखीखालची पेढीही इथेच निघाली, १५८७ साली.

पण मला सर्वांत आवडली ती दोन लिखाणं. एक, बाजारातल्या सान जाकोमो नावाच्या छोट्या देवळाच्या मागच्या भिंतीवर लॅटिनमध्ये कोरलेलं : ह्या देवळाच्या आसपास व्यापाऱ्यांचा कायदा न्यायाचा असो, वजनं खोटी नसोत, करार वाकडे नसोत. देवळाच्या भिंतीवर वजनकाट्याची ताकीद! दुसरं, मासळीबाजारातली संगमरवरी पाटी. तिच्यावर कोणता मासा किती सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर विकायचा नाही ते कोरलंय. तारली ७, वाम २५, शिणाणे ३. पर्यावरण हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा ह्या लोकांनी पिल्लं विकायला बंदी केली आणि ती कागदावर नाही, दगडावर लिहिली. म्हणजे बघा, हा बाजार कुणाच्या करमणुकीसाठी उभा राहिलेला नाही. एका गावाच्या रोजच्या जेवणाची ती व्यवस्था आहे.

२०२४ च्या मे महिन्यात मी तिथे दोनदा गेले. पहिल्यांदा सहलीबरोबर, नंतर मिलानहून आलेल्या भाचीबरोबर चार दिवस. दोन्ही वेळांत जो फरक दिसला त्यावरून हे सगळं लिहिते आहे.

सहलीचा कार्यक्रम तुम्हांला पाठ असेल. बसने यायचं, बोटीने सान मार्कोला उतरायचं, काच फुंकून घोडा करणारा कारागीर बघायचा, गोंडोल्यात अर्धा तास, आणि संध्याकाळी पुन्हा खाडीपलीकडच्या हॉटेलात भारतीय जेवण. ह्यात बाजाराला वीस मिनिटं. छत्री उंच धरलेली बाई पुढे आणि आम्ही पस्तीस जण मागे, असे मासळीबाजाराच्या कमानींखाली घुसलो. (ही इमारत तशी नवी, १९०७ ची. खांबांच्या माथ्यांवर दगडी मासे कोरलेत, वर नक्की बघा.) एक म्हातारी चाकाची पिशवी ओढत, "पेर्मेस्सो, पेर्मेस्सो" म्हणत वाट मागत होती. आम्ही हललो नाही, कारण ऑक्टोपसचा फोटो चालू होता. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी तर ऑक्टोपसचा पाय उचलून हातात धरला, फोटो काढून घेतला, ठेवला आणि हात पुसले. विकणाऱ्याने एक शब्द न बोलता तो ऑक्टोपस ओट्यावरून काढून घेतला. इटलीत गिऱ्हाईक मालाला हात लावत नाही, विकणारा निवडून देतो. फळांच्या ढिगावर तशी पाटीच असते. आमच्यापैकी एकानेही तिथे दहा सेंटचा खर्च केला नाही.

पानिपतावर फौजेपेक्षा बुणगे जास्त होते असं आपण मुलांना शिकवतो. खायला आहेत, वाट अडवायला आहेत, लढायला नाहीत. बाजारबुणगे हा शब्द मला त्या कमानींखाली जसा समजला तसा इतिहासाच्या पुस्तकात कधी समजला नव्हता.

आता तुमचे मुद्दे. ते मी फोनवर ऐकून घेतलेत, त्यामुळे इथेच उत्तर देते.

"हॉटेलात राहणाऱ्याने मासे घेऊन करायचं काय?" मासे नका घेऊ! शेजारीच एर्बेरिया आहे, भाजीफळांचा बाजार. तिथे चेरी मिळते, जर्दाळू मिळतात. 'दुए एत्ती' म्हणायचं, म्हणजे दोनशे ग्रॅम. एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम, एवढा एकच शब्द पाठ करायचा आहे. कागदी पिशवीतली चेरी खायला स्वयंपाकघर लागत नाही.

"आम्ही शाकाहारी, तिथे आमचं काय?" हा मुद्दा ऐकला की मला हसावं की रडावं कळत नाही. अहो, व्हेनिसच्या जवळ सांत एरास्मो नावाचं बेट आहे, ते ह्या शहराचं परसू. तिथला आर्टिचोक मे महिन्यात येतो, जांभळट, मुठीएवढा. विक्रेते बसल्या बसल्या सुरीने पाकळ्या उडवतात आणि खालचा गड्डा लिंबाच्या पाण्यात टाकतात. वाटाणे येतात, पांढरा शतावर येतो (आपल्या शतावरीचा चुलतभाऊ). सान मार्कोच्या दिवशी, २५ एप्रिलला, तिथे तांदूळ-मटाराचा पातळसर भात करायची जुनी रीत आहे. पूर्वी तो त्यांच्या राजप्रमुखाच्या ताटातही असे. मटारभात! आणि आपण तिथे जाऊन डबाबंद छोले शोधतो. स्थानिक मालावर 'नोस्त्रानो' लिहिलेलं असतं, म्हणजे आमच्याकडचं. आपण गावरान म्हणतो तेच ते. भाचीने आणि मी चार दिवस 'नोस्त्रानो' वाचून भाजी आणली आणि खोलीतल्या दोन शेगड्यांवर शिजवली. मी एक दिवस तारल्या तळल्या. हळद बरोबर नेली होती, तेवढी मुभा मला द्या.

"फोटोने कुणाचं काय बिघडतं?" एका फोटोने काहीच नाही. पण सकाळची वेळ ही विकणाऱ्याच्या भवानीची वेळ असते. दुपारी तर ओटे धुऊन बंद. त्या चार-पाच तासांत ओट्यापुढची जागा बघ्यांनी भरली तर घेणारा मागच्या मागे सुपरमार्केटात जातो. एकदा गेला की परत येत नाही, हे आपल्याकडच्या भाजीवालीला विचारा. तिच्या तोंडापुढे कुणी परदेशी पाहुणा कॅमेरा धरतो आणि मेथीची जुडी न घेता जातो, तेव्हा ती काय पुटपुटते ते मी इथे लिहू शकत नाही.

चौथा मुद्दा माझ्या पुतण्याचा आणि तो मात्र तोलामोलाचा आहे. त्याचं म्हणणं, "काकू, बाजार बघ्यांमुळे मरत नाही. गावात माणसंच उरली नाहीत म्हणून मरतो. तुझ्या दोनशे ग्रॅम चेरीने काय होणार?" आकडे त्याच्या बाजूने आहेत. १९५१ साली व्हेनिसच्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत. रियाल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाने २००८ साली काचेत रहिवाशांच्या संख्येचा फलक लावला, तेव्हा आकडा साठ हजारांवर होता. २०२२ मध्ये तो पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं पाहुण्यांना भाड्याने जातात, पोरं खाडीपलीकडे राहायला जातात. मासळीबाजारात मी रिकामे ओटे पाहिले, दोन भरलेल्यांच्या मधे एक रिकामा, म्हाताऱ्याच्या दातांसारखे.

पण मग पुतण्याला माझा प्रश्न आहे : ती घरं कुणासाठी रिकामी झाली? तुझ्या-माझ्यासाठीच ना? मग "मूळ कारण वेगळं आहे" म्हणून हात झटकता येत नाहीत. शहरानेही २०२४ साली तिकीट लावून पाहिलं. २५ एप्रिलपासून ठरावीक २९ दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो. हे मला औषधापेक्षा पावतीपुस्तक जास्त वाटतं. पाच युरो भरून आलेला माणूस आणखीच हक्काने वाट अडवणार! त्यापेक्षा तेच पाच युरो भाजीवाल्याच्या हातात पडले तर त्याच्या ओट्याचं भाडं तरी निघेल.

आणि "आम्ही पैसा आणतो, पर्यटनावरच गाव चालतं" असं म्हणणाऱ्यांनी पुलाच्या दुसऱ्या टोकाची इमारत बघावी. जर्मन व्यापाऱ्यांची वखार, आगीनंतर १५०८ च्या सुमारास नव्याने बांधलेली. विसाव्या शतकात तिथे पोस्ट होतं, म्हणजे गावकऱ्यांचं काहीतरी काम तिथे निघत होतं. २०१६ मध्ये तिथे महागड्या पिशव्या आणि अत्तरांचं भलंमोठं दुकान आलं, खास पाहुण्यांसाठी. २०२५ मध्ये ते बंद पडलं. पोस्ट गेलं ते गेलंच, आणि अत्तरवालेही गेले. पलीकडच्या तीरावर नऊशे वर्षं भाजी विकली जाते आहे, कारण ती गावाला रोज लागते.

मला कुणी विचारलं की मासळीबाजाराचं झगमगीत खाद्यदालन करू, वर टेबलं मांडू, फ्लॉरेन्सला २०१४ मध्ये जुन्या मंडईच्या माडीवर केलं तसं, तर मी म्हणेन नको. फ्लॉरेन्सला निदान खालच्या मजल्यावर अजून कसाई आणि भाजीवाले आहेत. रियाल्तोलाही माडी आहे, पण बाजार भरतो तो सगळा खाली जमिनीवर, पाण्याच्या काठाशी. तिथे टेबलं आली की ओटे कुठे जाणार?

असो. फार बोलले. धाकट्या नणंदेची मंडळी सप्टेंबरात निघाली आहेत म्हणून शेवटी कामाचं सांगते. मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो, भाजी फक्त रविवारी. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत व्हेनिसचा दिवस सोमवार आहे, मी पाहिलं. सहलवाल्यांना आत्ताच सांगून बदलून घ्या. सकाळी आठच्या आत पोचा, कापडी पिशवी बरोबर ठेवा, सुटे पैसे ठेवा. द्राक्षं आणि अंजिरं आलेली असतील. मालाला हात लावू नका, बोट दाखवा. आणि चाकाची पिशवी घेतलेली म्हातारी दिसली तर तिला आधी जाऊ द्या. ती काय घेते ते बघा आणि तेच मागा.